घरच्या घरी विजेची सारंगी

भात, नाचणी, वरी आणि खतांच्या मात्रा यांवर लिहिणाऱ्या माणसाने वाद्यावर लेख लिहावा, हे वाचकांपैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले होते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात जो उद्योग चालला, तो शेतावरच्या प्रयोगासारखाच निघाला. त्यात चुका झाल्या, चुकांतून शहाणपण आले आणि शेवटी एका म्हाताऱ्या माणसाच्या कानाला काही मिळाले. म्हणून हा प्रपंच.

आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. रेल्वेचे रूळ एका अंगाला आणि खाडी दुसऱ्या अंगाला, अशी ही वस्ती. खाडीकाठी मिठागरे होती, जुने कोळी-आगरी गावठाण होते. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन वसली आणि आता चहूकडे इमारती झाल्या. आमचे मूळ गाव मुरबाड तालुक्यात. वडील, म्हणजे अण्णा, ऐंशीच्या घरात आहेत. आई गेल्यावर आम्ही त्यांना गावाहून इकडे आणले. शेत वाटेकऱ्याकडे दिले.

गावात अण्णा कधी रिकामे बसले नाहीत. इथे आल्यावर मात्र ते खिडकीशी बसून राहू लागले. त्यात कान गेले. समोरून बोललेले कळे, पाठीमागून हाक मारली तर कळत नसे. चारचौघांत सगळे हसले की ते उगाच हसत. पुढे पुढे तेही बंद झाले. आमच्या सौ. म्हणाल्या, ''मामंजी बोलायचे थांबलेत हे तुमच्या लक्षात आलंय का?'' खरे सांगतो, आले नव्हते. तालुक्यातल्या प्रत्येक वाडीवर कोणत्या शेतावर कोणती कीड पडली ते मला ठाऊक होते. घरातले ठाऊक नव्हते.

माळ्यावरची फिडल

अण्णांचा एक जुना नाद होता. तरुणपणी गावच्या नाटकात आणि भजनात ते फिडल वाजवीत. व्हायोलिनला आमच्याकडे फिडलच म्हणत. म्हशाच्या यात्रेला आलेल्या एका वाजवणाऱ्याकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली होती. मोठे शिक्षण असे काही नव्हते. ऐकायचे, हात फिरवायचा, चुकायचे, पुन्हा फिरवायचा.

मी शाळेत असताना एका पावसाळ्यात ती फिडल उकलली. असली वाद्ये जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेली असतात. सरस दमट हवेत मऊ पडतो. आमच्या कौलारू घरात आषाढात भिंतींनाही पाझर फुटत. तिथे सरसाचे काय चालणार? पाठ सुटली, मान वाकली. दुरुस्तीला मुंबईला न्यायची तर भाड्याचे पैसे, वर मजुरी. त्याच वर्षी बैल घ्यायचा होता. फिडल माळ्यावर गेली आणि तिथे तिला वाळवी लागली. अण्णा त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. बैल माझ्या डोळ्यांसमोर आहे. फिडलीची मात्र मला पुढे कित्येक वर्षांत आठवणही झाली नाही.

माझ्या मुलीने आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम केला आहे. एकदा सौ.ने तिला ही फिडलीची हकीकत सांगितली. पोरगी म्हणाली, ''आजोबांना नवी व्हायोलिन आणून दिली तरी ती त्यांना ऐकू कुठे येणार? आपण विजेवरची करू. आवाज थेट त्यांच्या कानात सोडू.'' इथून आमचा प्रयोग सुरू झाला.

लाकडाचा पोकळपणा आणि त्याला पर्याय

नुसती तार ताणून छेडली तर आवाज अगदी बारीक येतो. तार बारीक असल्याने तिच्या हालण्याने हवा फारशी ढकलली जात नाही. म्हणून वाद्याला पोकळ अंग लागते. तारेची थरथर घोडीतून अंगात उतरते आणि अंगाचा मोठा पृष्ठभाग हवा हालवतो. सारंगीला त्यासाठी कोरलेले लाकूड आणि वर ताणलेले कातडे असते. तंबोऱ्याला भोपळा असतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांनी वाचले असेल. त्यांना लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतच पिकतो. म्हणजे वाद्याचे अर्धे अंग शेतकऱ्यानेच पिकवलेले असते.

असे पोकळ अंग घडवणे हे पिढीजात कसब आहे. ते आमच्यासारख्यांना साधणारे नव्हे. विजेची मदत घेतली तर मात्र पोकळ अंग लागत नाही. भरीव लाकडाच्या दांड्यावर तार ताणायची, तिच्या घोडीखाली थरथर टिपणारी वस्तू बसवायची आणि ती थरथर विजेने मोठी करायची.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ठाणे-रायगडकडच्या हळदीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो सगळ्यांनी ऐकला आहे. त्याचे मूळ जपानात आहे. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली तैशोगोतो नावाचे कळांचे तारवाद्य काढले. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झाले आणि पुढे आपल्या कारागिरांनी त्याला विजेची जोड देऊन मिरवणुकीत उतरवले. गजाने वाजवायच्या वाद्यांचाही आवाज वाढवण्याचे प्रयत्न विजेच्या आधीपासून चालू होते. लंडनमध्ये ऑगस्टस स्ट्रोह यांनी १८९९ साली लाकडी पेटीऐवजी कर्णा लावलेली व्हायोलिन केली. ध्वनिमुद्रिका काढण्याच्या सुरुवातीच्या काळात साध्या व्हायोलिनचा आवाज नीट उमटत नसे, तिथे ती उपयोगी पडली. आपल्या एसराजालाही तसाच कर्णा लावून तारशहनाई झाली.

गजाची वाद्ये महाराष्ट्राला परकी नाहीत. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत कादरबक्षांची सारंगी साथीला असे. व्हायोलिनवर गजाननराव जोशी (१९११–१९८७), वाईचे वि. गो. जोग (१९२२–२००४) आणि गोमंतकातले श्रीधर पार्सेकर यांनी आपला राग-संगीताचा बाज उतरवला. आमचे वाद्य यांच्या पायाशीही बसणारे नव्हे. पण वाट त्याच गावाची.

चकतीची करामत

थरथर टिपायला आम्ही पिझो चकती वापरली. नाव अवघड आहे, पण वस्तू घरातलीच. वाजणारी शुभेच्छापत्रे, गजराची घड्याळे, खेळणी यांच्यात रुपयाएवढी पितळी चकती असते. तिच्यावर पांढरट, चिनीमातीसारखा थर असतो. तिला वीज दिली की ती थरथरून आवाज काढते. उलट तिलाच दाबले किंवा हालवले तर ती वीज देते. काही स्फटिक दाबले असता वीज निर्माण होते, हे फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले. गॅसची शेगडी पेटवायचा 'टिक' करणारा लायटर याच तत्त्वावर चालतो. त्यात स्फटिकावर हातोडीचा ठोका बसतो आणि ठिणगी पडते. आमच्या चकतीला हातोडीची गरज नाही. तारेची थरथर तिला पुरते.

२७ मिलिमीटर व्यासाची चकती आणि बाकीचे सुटे भाग मुलीने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. चकती तर चहाच्या किमतीत येते.

बांधणी

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी तपशील देतो.

अंगासाठी जुन्या चौकटीतली सागाची फळी घेतली. लांबी ८० सेंटिमीटर, रुंदी ४, जाडी ३. लाकूड जुने, वाळलेले आणि सरळ धाग्याचे हवे. ओले लाकूड तारेच्या ताणाने वाकते. गज दोन्ही बाजूंनी मोकळा फिरावा म्हणून दांडा अरुंदच ठेवावा.

एका टोकाला गिटारला असते तशी दात्यांची खुंटी बसवली. सारंगीसारखी लाकडी खुंटी दिसायला छान, पण पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात घसरते. दुसऱ्या टोकाला तार अडकवायला एक स्क्रू. खुंटीकडे तारेखाली कठीण लाकडाची लहान आडवी पट्टी आणि दुसरीकडे दोन बोटे उंच घोडी. पट्टीपासून घोडीपर्यंतचे अंतर नेमके ६० सेंटिमीटर ठेवले. त्याचे कारण पुढे येईल. तार एकच.

चकती घोडीच्या पायाखाली ठेवायची. पहिल्या वेळी आम्ही घोडी सरळ चकतीवर उभी केली. तार ताणताच पांढरा थर तडकला. मग चकती बसेल एवढा उथळ खळगा कोरला आणि चकती व घोडी यांच्यामध्ये लाकडाची पातळ चीप घातली. दाब सगळीकडे सारखा पसरला आणि दुसरी चकती टिकली.

आवाज मोठा करायला एलएम ३८६ नावाची आठ पायांची लहानशी आयसी घेतली. ती ४ ते १२ व्होल्टवर चालते. दीड व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडले की ९ व्होल्ट होतात, तेवढे पुरतात. आवाज कमी-जास्त करायला १० हजार ओहमचे बटण. आयसीच्या पाचव्या पायातून येणारा आवाज २२० मायक्रोफॅरॅडच्या कंडेन्सरमधून हेडफोनकडे नेला. वाटेत ४७ ओहमचा एक रेझिस्टर ठेवला, म्हणजे चुकून बटण पूर्ण फिरले तरी कानावर एकदम घाव बसत नाही. चकतीपासून येणारी वायर जाळीच्या वेष्टणाची घ्यावी आणि वेष्टण बॅटरीच्या ऋण बाजूला जोडावे. नाहीतर घरातल्या विजेच्या तारांची घरघर वाद्यात उतरते.

गज आणि राळ

गजाला बांबूची कांब घेतली, ६५ सेंटिमीटर लांब, किंचित बाक दिलेली. केसांच्या जागी मी आधी कोळीवाड्यातून आणलेला बारीक तंगूस लावला. मासे धरायला उत्तम, पण गजाला कुचकामी. तो गुळगुळीत असल्याने राळ धरत नाही आणि तारेवरून नुसता घसरतो. पॉलिश पेपरने घासल्यावर थोडा फरक पडला, एवढेच. घोड्याच्या शेपटीच्या केसाला तोड नाही. व्हायोलिनच्या गजात असे दीडशेच्या आसपास केस असतात. ते वाद्यांच्या दुकानात जुडी बांधून मिळतात.

राळ म्हणजे चिडाच्या झाडाचा चीक. त्यातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर मागे जो पिवळसर, काचेसारखा ठिसूळ गोळा उरतो, तो. गंमत अशी की सोल्डरिंग करतानाही हीच राळ लागते. मुलीच्या डबीतला खडा तिने एकदा डाग द्यायला वापरला आणि एकदा मी गजावर घासला.

राळ कशासाठी, तेही सांगतो. राळ लावलेला केस तारेला चिकटतो आणि तिला आपल्याबरोबर ओढतो. ताण वाढला की तार सुटून मागे येते. केस तिला पुन्हा पकडतो. हे धरणे-सोडणे एका सेकंदात शंभर-दोनशे वेळा होते आणि त्यातून अखंड सूर निघतो. दाराची बिजागरी कुरकुरते तेव्हा असेच धरणे-सोडणे चाललेले असते, फक्त त्याला शिस्त नसते. गजाखाली तार नेमकी कशी हालते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात शोधून काढले.

आमच्या पहिल्या आवाजात बिजागरीचाच अंश जास्त होता. छोटा स्पीकर लावून रात्री नऊला मी गज ओढला, तेव्हा शेजारच्या सिंधी भाभींनी दार ठोठावून विचारले, ''भाईसाहेब, मांजर कुठे अडकलंय का?''

अण्णांनी मान हलवली

चार दिवसांनी सूर जरा बरा लागू लागला. अण्णांना खुर्चीवर बसवले, हेडफोन कानांवर चढवले, वाद्य सारंगीसारखे उभे मांडीवर टेकवून दिले आणि गज हातात दिला. गज त्यांनी कसा धरला ते पाहून मीच चकित झालो. साठ वर्षांपूर्वीची बोटे आपोआप जागेवर गेली. त्यांनी एकदा गज लांबवर नेला, परत आणला. मग हेडफोन काढून ठेवले.

''काय झालं अण्णा?''

''डास गुणगुणतोय. सूर कुठाय?''

वाद्य बाजूला ठेवून ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. त्या रात्री घरात कुणी फारसे जेवले नाही. सौ. एवढेच म्हणाल्या, ''आशा दाखवायला नको होती.''

तो शब्द मला लागला. पण नोकरीत एक गोष्ट शिकलो आहे. प्रात्यक्षिकाचा प्लॉट फसला तर शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही आणि नशिबालाही नाही. कारण शोधायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा. बियाणे, खत आणि पाणी तिन्ही एकदम बदलले तर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही.

वय झालेल्या माणसाच्या कानातून बहुधा उंच, बारीक आवाज आधी जातात. खालचे, भरदार आवाज त्यामानाने टिकतात. आमच्या वाद्यावर गिटारची पहिली, सर्वांत बारीक तार होती. म्हणून ती काढून पाचवी, जाड, वेढ्याची तार लावली. ती सेकंदाला ११० कंपनांवर मिळवली. थोडा फरक पडला. अण्णा म्हणाले, ''आता भुंगा आहे.'' म्हणजे दिशा बरोबर, पण पीक अजून पोटरीत आले नव्हते.

दुसरे कारण मुलीने शोधले. चकतीत वीज होते, पण तिच्यात जोर फार थोडा. तिला १० हजार ओहमचे बटण सरळ जोडले की ती वीज आयसीपर्यंत पोहोचण्याआधीच त्यातून निघून जाते. बारीक झऱ्याचे पाणी खेकड्याच्या बिळांनी भरलेल्या पाटात सोडावे, तसे. भराभर येणारी लाट कशीबशी पुढे जाते; संथ येणारे पाणी वाटेतच मुरते. खालचे सूर म्हणजे संथ कंपने. नेमके तेच मुरत होते आणि अण्णांना जे ऐकू येत नाही, तेच वरचे किरकिरणारे आवाज पुढे जात होते.

उपाय स्वस्तातला होता. चकती आणि बटण यांच्यामध्ये एफईटी जातीचा ट्रान्झिस्टर घातला. दुकानात तो बीएफडब्ल्यू १० या नावाने मिळाला. त्याच्या गेट या पायाला चकती जोडली आणि तिथून ऋण बाजूला १० लाख ओहमचा रेझिस्टर दिला. ड्रेनला ९ व्होल्ट. सोर्सपासून ऋण बाजूला ४७०० ओहमचा रेझिस्टर आणि तिथूनच १ मायक्रोफॅरॅडच्या कंडेन्सरमधून आवाज बटणाकडे. पाटाची बिळे बुजवली म्हणा ना. जोडून झाल्यावर मी हेडफोन लावून तार छेडली आणि दचकलो. देवळातली मोठी घंटा वाजून गेल्यावर जो घुमारा उरतो, तसा आवाज आला.

बॅटरीच वापरा

त्या उत्साहात माझ्याकडून एक चूक झाली. ती लपवणार नाही, कारण दुसऱ्या कोणाच्या घरी ती महागात पडेल. सेल संपले होते. घरात भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा, रस्त्यावर घेतलेला एक स्वस्त अडॅप्टर पडला होता. तो जोडला. बोट तारेला लागले मात्र, आणि मुंग्यांची झिणझिण हातभर गेली. आमच्या वाद्यात तार बॅटरीच्या ऋण बाजूला जोडलेली आहे, म्हणजे घरघर कमी होते. पण अडॅप्टर सदोष असेल, तर घरातली वीज त्याच वाटेने तारेवर आणि कानावरच्या हेडफोनपर्यंत येऊ शकते. पाच मिनिटांनी ते हेडफोन अण्णांच्या कानावर असणार होते. मी प्लग ओढून काढला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

शेतकरी बंधूंनो, पंपाच्या पेटीला ओल्या हाताने शिवू नका, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. तोच नियम इथे. हे वाद्य फक्त सेलवर चालवावे. प्लगमध्ये खोचायचे काहीही त्याला जोडू नये. मुले करणार असतील तर हे आधी बजावावे. दुसरी गोष्ट आवाजाची. हेडफोनचे बटण अगदी खालून सुरू करावे आणि ऐकू येताच थांबावे; मोठ्या आवाजाने उरलेले कानही बिघडतात. ऐकू कमी येत असेल तर आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. कधी नुसता मळ असतो. वाद्य हा काही कानावरचा उपचार नव्हे. अण्णांना आम्ही सरकारी रुग्णालयात दाखवून आणले होते. मगच हे सगळे केले.

सुरांची मापे

आता ६० सेंटिमीटरचे कारण. तारेची लांबी अर्धी केली की कंपने दुप्पट होतात आणि वरचा सा मिळतो. बाकीचे सूरही लांबीच्या ठराविक हिश्शांवर असतात. ६० या आकड्याचे हिस्से सोपे पडतात. घोडीपासून मोजून दांड्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, त्या अशा:

सा – ६० सेंमी (मोकळी तार)
रे – ५३.३ सेंमी
ग – ४८ सेंमी
म – ४५ सेंमी
प – ४० सेंमी
ध – ३६ सेंमी
नी – ३२ सेंमी
वरचा सा – ३० सेंमी

हे सगळे शुद्ध स्वर. खुणा म्हणजे बांधावरचे दगड. जमीन कुठवर ते कळते, कसायचे ते आपण. बोट दाबल्याने तारेचा ताण किंचित वाढतो, म्हणून सूर खुणेच्या केसभर अलीकडे-पलीकडे मिळेल. तिथे कानाचेच ऐकावे. या वाद्याला पडदे नाहीत. त्यामुळे चूक लगेच उघडी पडते. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही म्हणूनच निघते. ती बेंजोवर निघत नाही.

गज तारेला काटकोनात चालवावा, घोडी आणि हाताच्या मधल्या भागात. घोडीच्या फार जवळ गेला तर करकरतो, दूर गेला तर फुसका होतो. नवशिका माणूस गज दाबतो. मीही दाबत होतो.

रविवारची संध्याकाळ

अण्णा पुन्हा वाद्य हातात घ्यायला तयार होईनात. म्हणाले, ''माझं वय झालं, पोरांचा खेळ पोरांनी खेळावा.'' शेवटी नात त्यांच्या समोर बसली, स्वतः गज ओढू लागली आणि मुद्दाम वाईट ओढू लागली. हेडफोन तिने आधीच आजोबांच्या कानांवर चढवले होते. आवाजाचे बटण मी हळूहळू फिरवत होतो.

अण्णांचा चेहरा आधी कोरा होता. मग कपाळाला आठी पडली. आठी पाहून मला आनंद व्हावा, असे आयुष्यात प्रथमच झाले. कारण ती न ऐकू येण्याची आठी नव्हती, बेसूर ऐकल्याची होती.

''अगं, दाबतेस कशाला? दूध काढताना सड ओरबाडतेस का? इकडे आण.''

त्यांनी वाद्य घेतले. गज तारेवर नुसता ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग चालवला. मोकळी तार, एकच सूर. टोकापर्यंत नेला, परत आणला. दहा-बारा वेळा तेवढेच. पुढे गेले नाहीत. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हते, कारण आवाज सगळा हेडफोनमध्ये. खोलीत फक्त केसांची सरसर आणि बाहेर लोकलची धडधड. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मग बोट पंचमावर गेले. खूण त्यांनी पाहिलीच नाही. तिथून खाली उतरताना एक मींड घेतली असावी, कारण मान त्याच वळणाने वळली.

अर्ध्या तासाने हेडफोन काढून ते मला म्हणाले, ''बैल चांगला निघाला होता रे.''

एवढेच. पण फिडल आणि तो बैल या दोन गोष्टी त्यांच्या मनात इतकी वर्षे शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या, हे मला तेव्हा कळले. मी काही बोलू शकलो नाही.

काय साधले?

अण्णांचे कान काही परत आले नाहीत. पाठीमागून हाक मारली तर अजूनही कळत नाही. वाद्यही साधेच आहे. जाणकाराने ऐकले तर नाक मुरडील. पण आता संध्याकाळी ते स्वतः सेल तपासतात, राळ घासतात आणि बसतात. नातीला शिकवतात. तिच्यासाठी हेडफोनचा दुसरा जोड लावला आहे, म्हणजे दोघांना एकाच वेळी ऐकू येते आणि भाभींना मांजराची काळजी राहत नाही. शिकवायचे म्हणजे बोलावे लागते. त्यामुळे घरात त्यांचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. चुकले की रागावतात. कालच माझ्यावर रागावले. सौ. आतून हसत होत्या.

या उद्योगात मला एक गोष्ट पटली. वीज आवाज मोठा करते, गोड करत नाही. माझा दाबून ओढलेला गज तिने मोठा केला तेव्हा मांजर ओरडले. अण्णांचा हलका गज तिने मोठा केला तेव्हा सूर झाला. यंत्र तेच, सेल तेच. युरियाचेही असेच आहे. जमिनीत सेंद्रिय अंश असेल आणि ओल असेल तर मूठभर युरिया काम दाखवतो. नसेल तर पोती ओतूनही नुसता पाला माजतो. बाहेरून आणलेली शक्ती, आत जे आहे तेच वाढवते. आत काही आहे की नाही, हे आधी पाहायचे.

आपल्या घरांतून अशी पुष्कळ म्हातारी माणसे आहेत. कोणी ढोलकी वाजवीत होते, कोणी पेटी, कोणी तारपा. कान गेले, हात थरथरू लागले, वाद्य माळ्यावर गेले आणि आपण समजलो की नाद संपला. सुगी आटोपल्यावर एक दिवस माळ्यावर चढून पाहा. वाद्य दुरुस्त होण्यासारखे असेल तर करून घ्या. नसेल तर घरातल्या आयटीआय शिकलेल्या मुला-मुलीला बोलवा आणि वर दिलेले साहित्य आणायला सांगा. पहिल्या वेळी फसेल. तेव्हा चिडू नका; एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा.

आणि हो, पावसाळ्यात वाद्य माळ्यावर ठेवू नका. धान्याच्या कोठीजवळ, कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ठेवा. बियाण्याला जेवढे जपता, तेवढे त्यालाही जपा.